लक्षणे थांबली, आता समुपदेशन थांबवावे का?

वनाझकर
नमस्कार. एका प्रश्नावर आपल्या सर्वांची मते हवी आहेत. गेल्या वर्षी मला पॅनिक अटॅकचा त्रास सुरू झाला. छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि आता आपले काही खरे नाही अशी खात्री. ईसीजी आणि थायरॉईडसह रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित निघाल्यावर हृदयरोगतज्ज्ञांनीच मला पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे पाठवले. त्यांनी आधी भीती कशी चढते ते कागदावर मांडून दाखवले, मग टाळलेल्या जागी पुन्हा जायला लावले. मला भुयारी मेट्रोची धास्ती होती, म्हणून पहिल्यांदा फक्त जिल्हा न्यायालय स्थानकाच्या सरकत्या जिन्याने खाली उतरून फलाटावर उभे राहायचे, नंतर कसबा पेठेपर्यंत एकच स्थानक, पुढे मंडई, आणि शेवटी संध्याकाळच्या गर्दीत थेट स्वारगेट, असा क्रम आम्ही दोघांनी मिळून ठरवला होता. आता बरेच महिने अटॅक आलेला नाही.

मागच्या भेटीत बाई म्हणाल्या, "ज्या कामासाठी तुम्ही आलात ते झाले आहे. इथे थांबायला हरकत नाही. तुमच्या बोलण्यात एक विषय मात्र वारंवार येतो, कोणालाही नाही म्हणता न येण्याचा. त्यावर काम करावेसे वाटत असेल तर तेही करता येईल. विचार करून सांगा, घाई नाही."

घरात यावर दोन मते आहेत. आमचे दादा म्हणतात, बरा झालास ना, मग आता पैसे देऊन गप्पा कशाला मारायच्या? पत्नीचे म्हणणे असे की खरे काम आता कुठे सुरू होते आहे. आजार बरा करणे आणि माणूस म्हणून पुढे जायला मदत करणे, ही दोन्ही कामे एकाच थेरपिस्टची असतात का? असल्यास कुठे थांबायचे, हे कोण आणि कसे ठरवते?

डेक्कनकर
माझे मत तुमच्या दादांच्या बाजूचे आहे. त्रासासाठी गेलात, त्रास गेला, बाईंनी उत्तम काम केले, त्यांचे आभार मानावेत आणि थांबावे. स्वभावाला वळण लावण्याचे काम आपल्याकडे घर, मित्रमंडळी, वाचन आणि व्याख्याने करत आली आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये ज्या शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या शहरात नाही म्हणायला शिकण्यासाठी तासाचे शुल्क भरावे लागावे, हे मला मनापासून खटकते. आजारासाठी तज्ज्ञ जरूर हवा. पण जगण्यातली प्रत्येक अडचण तज्ज्ञाकडे सोपवायची सवय लागली, तर एकमेकांना सावरण्याची आपली ताकद कमी होईल अशी मला काळजी वाटते.

मनोविद्या
मी या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वनाझकर, तुमच्या बाईंनी तुम्हाला आधी "काम झाले आहे" असे सांगितले, ही या सगळ्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या सहकार्याची मांडणी केली, तेव्हा त्यात तीन गोष्टी धरल्या होत्या: ध्येयावर एकमत, ते गाठण्यासाठी करायच्या कामांवर एकमत आणि दोघांमधला विश्वासाचा बंध. तुमचे पहिले ध्येय स्पष्ट होते. पॅनिकमध्ये माणूस धडधड किंवा गरगर यांसारख्या शरीराच्या निरुपद्रवी संवेदनांचा अर्थ "हा हार्ट अटॅकच" असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र नेमकेपणाने मांडले. ते तोडण्यासाठी आम्ही खोलीतच क्लायंटला जोराने श्वास घ्यायला लावतो किंवा खुर्चीत गोल फिरायला लावतो, म्हणजे त्या संवेदना मुद्दाम आणल्या तरी काही अघटित होत नाही हे त्याला स्वतःच्या शरीरावर अनुभवता येते. मेट्रोचा क्रमही त्याच तत्त्वावर आधारलेला होता.

आता प्रस्ताव आहे तो दुसऱ्या ध्येयाचा. थेरपिस्टच्या कामात दोन्ही गोष्टी बसतात. मानसिक आरोग्य म्हणजे निव्वळ आजार नसणे इतकेच आम्ही धरत नाही. कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक सुस्थितीची सहा अंगे मांडली. स्वतःचा स्वीकार, इतरांशी चांगले नाते, स्वायत्तता, परिस्थिती हाताळण्याची क्षमता, जगण्याला हेतू असणे आणि वैयक्तिक वाढ अशी ती अंगे आहेत. तुमचा प्रश्न उघडच स्वायत्ततेचा आहे. तरीही पहिल्या कामातून दुसरे काम नकळत सुरू होऊ नये. नवे ध्येय म्हणजे नव्याने बोलणी. काय बदलले म्हणजे काम झाले असे समजायचे, किती भेटींनंतर आढावा घ्यायचा, हे आधी ठरायला हवे. "आत्मविश्वास वाढवायचा" हे ध्येय मोजता येत नाही. "रविवारी ऑफिसचा फोन आला तर सोमवारी बघतो असे सांगणे" हे मोजता येते.

डेक्कनकर, तुमची काळजी रास्त आहे आणि आमच्या व्यवसायानेही ती बाळगली पाहिजे. प्रत्येक आढाव्याला मी स्वतःला विचारते की या व्यक्तीला माझी गरज कमी होते आहे की वाढते आहे. वाढत असेल तर बदल मला करायचा असतो.

खडकवासला
वरचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले, पण सगळीकडे असे घडत नाही, म्हणून दुसरी बाजू लिहितो. बहिणीला घटस्फोटानंतर आम्ही एका समुपदेशकाकडे नेले. नाव लिहीत नाही. ध्येय वगैरे कधी ठरलेच नाही. दर आठवड्याला ती लहानपणच्या आठवणी सांगे, रडे आणि घरी येऊन आधीपेक्षा जास्त खचलेली असे. थांबण्याचा विषय तिने काढला की "तुम्ही पळ काढताय" असे उत्तर मिळे. पुढे तिने कामावर रजा टाकण्यापासून भाड्याचे घर घेण्यापर्यंत प्रत्येक निर्णय त्यांना विचारून घ्यायला सुरुवात केली. शेवटी आईनेच ते बंद करवले. नंतर चौकशी केल्यावर कळले की त्या गृहस्थांनी अल्पमुदतीचा एक ऑनलाईन अभ्यासक्रम केला होता, एवढीच त्यांची तयारी.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही अपमान नाही. नुसता "समुपदेशक" असा फलक असेल तर पदवी कुठली आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

ओंकारेश्वर
खडकवासला यांच्या बहिणीला त्या समुपदेशकाने परावलंबी केले, याचा फार राग आला. थांबण्याविषयी विचारले असता जो चिडतो, त्याच्याकडे पुढची भेट ठरवू नये.

निवृत्त शिक्षिका
मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी नाही, पण विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा, म्हणजे त्रास घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या आपल्या विचारांमुळे होतो असे मानणाऱ्या पद्धतीचा, मला स्वतःला लाभ झाला आहे. अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धती १९५५ मध्ये मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. पती गेल्यानंतर मुलगा आणि सून यांच्याविषयी मनात फार कडवटपणा साठला होता. माझ्या समुपदेशक बाईंनी एक साधी दोनशे पानी वही करायला लावली. डाव्या बाजूला घडलेली घटना, मधल्या रकान्यात त्या वेळी मनात आलेले वाक्य जसेच्या तसे, आणि उजवीकडे त्यामुळे काय वाटले. एका शुक्रवारी मी लिहिले होते: "सुनेने चहा विचारला नाही." मधल्या रकान्यात: "या घरात माझी किंमत शून्य आहे." उजवीकडे: "रात्रभर झोप नाही." बाईंनी वही पाहिली आणि इतकेच विचारले की चहा न विचारण्यापासून किंमत शून्य असण्यापर्यंतचा हा पूल कोणी बांधला? मी बराच वेळ बोलले नाही. त्यानंतर वहीत चौथा रकाना आला, त्या वाक्याला पुरावा काय आणि त्याऐवजी कोणते वाक्य खरे ठरेल, हे लिहिण्यासाठी.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की चौथा रकाना मी बाईंकडे जाण्याआधीच भरू लागले आहे. तेव्हा त्यांनीच भेटींमधले अंतर वाढवले. एलिस यांच्या पद्धतीत क्लायंटने स्वतःचा थेरपिस्ट व्हावे, हा हेतू पहिल्यापासून असतो. वनाझकर, तुमच्या बाई तुम्हाला असे काही साधन हातात देत असतील, तर पुढच्या भेटी फुकट जाणार नाहीत.

सहजसंवाद
मी समुपदेशन शिकतो आहे. शिक्षिकाबाईंचा अनुभव मला फार मोलाचा वाटला, पण त्यातून असा समज होऊ नये की रकाने भरता आले म्हणजे थेरपी झाली. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की बदल घडण्यासाठी थेरपिस्टची प्रामाणिक वागणूक, क्लायंटचा बिनशर्त स्वीकार आणि त्याच्या जागी राहून समजून घेणे, या गोष्टी मुळाशी असाव्या लागतात. त्यांच्या लहानपणी घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे साठवलेले असत आणि वरच्या छोट्या खिडकीतून येणाऱ्या क्षीण उजेडाकडे त्यांचे फिकट कोंब वाढत जात. परिस्थिती कितीही वाईट असली तरी सजीवाचा कल वाढीकडेच असतो, हे त्यांनी त्यावरून सांगितले. आपल्या स्वयंपाकघरातल्या टोपलीतही आपण ते पाहतोच.

काही क्लायंट असे असतात की त्यांचे म्हणणे आयुष्यात कोणी मध्ये न बोलता ऐकलेलेच नसते. त्यांना पहिल्या दिवशी वही दिली तर तीही एक परीक्षा वाटते आणि ते चांगले गुण मिळवण्यासाठी ती भरतात. ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांच्याबाबत हा धोका जास्त असतो, कारण ते थेरपिस्टलाही नाही म्हणत नाहीत. वनाझकर, बाईंचा प्रस्ताव नाकारायला तुम्हाला संकोच वाटतो आहे का, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. वाटत असेल तर तेच त्यांना मोकळेपणाने सांगा. चांगली थेरपिस्ट ते ऐकून आनंदित होईल.

डेक्कनकरांनी मित्रमंडळींचा उल्लेख केला. मित्र हवेतच. पण मित्राचा आणि भावाचा आपल्या निर्णयात काही वाटा असतो, त्यांना आपण विशिष्ट प्रकारे वागावे असे वाटत असते. थेरपिस्टचा तसा वाटा नसतो, निदान नसावा.

चंद्रकोर
वाटा नसण्याचा मुद्दा पुण्यात फार महत्त्वाचा आहे, कारण इथे दोन वाक्यांत ओळख निघते. माझ्या थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत सांगितले होते की बाहेर कुठे भेट झाली तर त्या आपणहून ओळख दाखवणार नाहीत, मी दाखवली तरच बोलतील आणि तेही अगदी जुजबी. पुढे एरंडवण्यातल्या एका कार्यालयात लग्नाच्या पंगतीत त्या माझ्या समोरच्याच रांगेत बसल्या होत्या. शेजारी माझ्या आत्याबाई. थेरपिस्टची नजर माझ्यावरून अनोळखी माणसावरून जावी तशी गेली आणि त्या शेजारच्या बाईंशी मठ्ठ्याविषयी बोलू लागल्या. मला इतके सुरक्षित वाटले की सासरच्या ज्या गोष्टी मी टाळत होते, त्या पुढच्या भेटीत मी बोलून टाकल्या.

मनोविद्या
चंद्रकोर, तुमच्या थेरपिस्टचे वागणे अगदी योग्य होते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. त्याला मर्यादाही आहेत आणि त्या आधी सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. क्लायंटच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर माहिती द्यावी लागते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणे बंधनकारक आहे. तरुण क्लायंटचे आई-वडील फोन करून "काय म्हणतो आमचा मुलगा" असे विचारतात, तेव्हा त्यांची माया समजून घेऊनही मला नम्रपणे नकार द्यावा लागतो. मुलगा सज्ञान असेल तर त्याच्या संमतीने सर्वांना एकत्र बोलावणे, हा त्यातला मार्ग आहे.

डेक्कनकर
सहजसंवाद यांचा वाट्याचा मुद्दा आणि चंद्रकोर यांचा अनुभव मला पटला. आपल्या घरांतून आणि कट्ट्यांवरून गोष्ट बाहेर जाते, हे मान्य करावे लागेल. पैशांचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. ज्यांना दर आठवड्याचे शुल्क परवडत नाही, त्यांनी वाढ कुठे शोधायची? हा विषय कोथरूड आणि औंधसारख्या सुखवस्तू भागांपुरताच राहू नये.

पर्वती
डेक्कनकर, माझ्या वडिलांचे उदाहरण देतो. दारू सोडण्यासाठी ते मुक्तांगणमध्ये होते. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याला सुरू केलेले हे केंद्र. दारू थांबली म्हणजे काम संपले असे तिथे कोणी मानत नाही. पाठपुराव्याच्या गटात वडील अनेक वर्षे जात राहिले. गटातल्या इतरांसमोर त्यांनी हळूहळू जे सांगितले, ते आम्हा घरच्यांना कधी सांगितले नव्हते. ज्या माणसाने आयुष्यात आईला कधी "तुला काय वाटते" असे विचारले नव्हते, तो निवृत्तीनंतर तिला विचारून भाजी आणू लागला. हे व्यसन सुटण्याच्या पलीकडचे होते, आणि ते गटात झाले. वैयक्तिक थेरपी परवडत नाही म्हणून वाढ थांबते असे मला वाटत नाही. गटाने, आणि तोही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली असेल तर, पुष्कळ होते.

मनोवैद्य
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. एक वैद्यकीय सूचना करतो. वनाझकर, थेरपीबरोबर आपण औषधेही घेत असाल, तर थेरपी थांबवणे आणि औषधे कमी करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू नयेत. चिंता आणि नैराश्यावरची औषधे बरे वाटू लागल्यानंतरही काही महिने चालू ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने कमी केली जातात. अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड आणि झोपमोड होऊ शकते, आणि रुग्णाला वाटते की आजारच परत आला.

खर्चाविषयी: टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतून बोलता येते. दीर्घ थेरपीची जागा ती घेऊ शकत नाही, पण पहिले पाऊल म्हणून फार उपयोगी आहे. गोव्यात संगाथ संस्थेने प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ समुपदेशकांकडून नैराश्यावर थोड्या सत्रांचे उपचार देऊन त्यांचा परिणाम तपासला आणि तो चांगला आढळला. हे काम महाराष्ट्राच्या तालुक्यांपर्यंत गेले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. ज्या रुग्णांना पुण्यात येण्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, त्यांना मी दर आठवड्याला या असे कोणत्या तोंडाने सांगू?

मुळशीकर
विमा मिळतो का? माझ्या माहितीप्रमाणे कायद्यात तशी तरतूद आहे.

मनोवैद्य
आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणे बंधनकारक आहे. पण नेहमीच्या पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात, त्यामुळे बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च बहुतेक वेळा खिशातूनच करावा लागतो. आपल्या पॉलिसीत बाह्यरुग्ण सेवेचे कलम आहे का, ते पाहून घ्यावे.

वनाझकर
सर्वांचे मनापासून आभार. मनोवैद्य, मी औषधे घेत नव्हतो. सहजसंवाद यांचा प्रश्न मी गेल्या भेटीत बाईंसमोर ठेवला. मी स्पष्ट म्हणालो की तुमचा प्रस्ताव नाकारणे मला जड जाते आहे आणि म्हणून मला हवे आहे की नको, हेच कळत नाही. त्यांनी पुढची भेट ठरवलीच नाही. पंधरा दिवस त्यांच्याशी न बोलता विचार करायला सांगितले आणि तोपर्यंत एकच काम दिले. ज्या ज्या वेळी मनात नसताना हो म्हणालो, तेवढे प्रसंग टिपून ठेवायचे, बदलायचे काहीच नाही.

टिपणांमध्ये सोसायटीच्या समितीचे सचिवपद, साहेबांचे रविवारचे फोन आणि मेहुण्याला दिलेले उसने पैसे आहेत. सर्वांत जास्त वेळा दादांचे नाव आहे. दादांनीच मला शिकवले, बाबा गेल्यावर माझी फी त्यांनी भरली, त्यामुळे हा विषय मला त्यांच्याशी किंवा त्यांच्यासमोर बोलता येणार नाही, हे लिहितानाच उमगले. म्हणून मी पुढे जाणार आहे. सहा भेटी, पंधरा दिवसांच्या अंतराने, तिसऱ्या भेटीनंतर आढावा, असे मीच बाईंना सुचवणार आहे. शेवटच्या भेटीत काय व्हायला हवे, हे मनोविद्या यांनी सांगितले तर मी तेही आधीच मागून ठेवीन.

डेक्कनकर
वनाझकर, ज्या दादांचा मी पक्ष घेतला, त्यांच्याविषयी तुम्ही हे इतक्या सन्मानाने लिहिलेत याचा आनंद आहे. या कारणासाठी थेरपी चालू ठेवण्याला माझा विरोध नाही. सहा भेटींनी काय साधले, ते इथे अवश्य लिहा. थांबण्याची वेळ कशी ओळखायची, हे माझ्यासारख्यांनाही कळायला हवे.

मनोविद्या
वनाझकर, शेवटची भेट अचानक येऊ नये. सहाव्या भेटीत थांबायचे असेल तर चौथ्या भेटीपासून त्याविषयी बोलणे सुरू व्हावे. शेवटच्या भेटीतून तुमच्या हाती एक लिखित पान असावे, तुमच्या अक्षरात आणि तुमच्या शब्दांत. त्रास परत येऊ लागला तर तुमच्या बाबतीत पहिली खूण कोणती असते (काहींची झोप मोडते, काही जण मेट्रो सोडून पुन्हा रिक्षाने जाऊ लागतात), त्या वेळी आधी काय करायचे, घरात कोणाला सांगायचे आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा फोन करायचा, हे त्यावर स्पष्ट असावे. पत्नीला त्या भेटीला बरोबर नेता आले तर उत्तम, कारण पहिली खूण बहुतेक वेळा शेजारच्या माणसाला आधी दिसते. त्यानंतर तीन महिन्यांनी एक आढाव्याची भेट तेव्हाच ठरवून घ्या, त्रास असो वा नसो. म्हणजे परत जाण्यासाठी आजारी पडण्याची गरज राहत नाही.